मेंदूतला पत्ता, पण कोणत्या नकाशातला?

संकष्टीच्या दिवशी मुंबईची चंद्रोदयाची वेळ बघून ताट वाढायचं नसतं, हे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. हैदराबादला चंद्र मुंबईपेक्षा साधारण वीसेक मिनिटं आधी दिसतो. आजी कॅलेंडर हातात घेते, गावांच्या यादीत आपलं गाव शोधते आणि तिथली वेळ सांगते. चंद्र एकच, आकडा मात्र ज्याच्या त्याच्या गावाचा. गावाचं नाव न सांगता नुसती 'नऊ वाजून दहा मिनिटं' अशी वेळ कुणी सांगितली, तर तिचा उपयोग काय?

मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ नेमक्या याच प्रश्नात बरीच वर्षं अडकले होते. आपल्या घरांतली बरीच मुलं आता न्यूरोसायन्स, मानसशास्त्र, डेटा सायन्स अशा वाटांनी जाताहेत. त्यांच्यासमोर कधी ना कधी एखादा शोधनिबंध येतो आणि त्यातल्या तक्त्यात आकड्यांची त्रिकुटं दिसतात: (−३८, −२२, ५६). हा मेंदूतला पत्ता. त्याच्या शेजारी 'गाव' कुठलं लिहिलंय ते बघितलं नाही, तर पुढचा सगळा हिशेब चुकू शकतो.

आधी हे आकडे काय आहेत ते बघू. शाळेत निर्देशक भूमिती शिकलो तेव्हा कागदावर दोन अक्ष होते, एक्स आणि वाय. मेंदू कागदासारखा सपाट नाही, म्हणून तिसरा अक्ष झेड. एक्स म्हणजे डावं-उजवं, वाय म्हणजे पुढं-मागं आणि झेड म्हणजे वर-खाली. मोजमाप मिलिमीटरमध्ये. प्रचलित पद्धतीत डावीकडचं, मागचं आणि खालचं उणे धरतात. म्हणजे वरचा पत्ता सांगतो, की शून्यापासून ३८ मिलिमीटर डावीकडे, २२ मिलिमीटर मागे आणि ५६ मिलिमीटर वर जा. उजव्या हाताची बोटं हलवली की मेंदूचा जो भाग कामाला लागतो, त्याच्या आसपास तुम्ही पोहोचता. (उजवा हात, डावा मेंदू. ही अदलाबदल निसर्गाची आहे, नकाशा काढणाऱ्यांची नाही.)

मग शून्य कुठे? इंदूर-उज्जैनकडच्या वाचकांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात शून्य रेखांश उज्जैनवरून जायचा. ग्रिनिचला शून्य मानलं की तेच उज्जैन पूर्वेला पाऊणशे अंशांहून थोडं पुढे येतं. शहर जागचं हललेलं नाही, बदलला तो शून्य.

मेंदूत हा शून्य रोवला पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयातल्या जाँ तालैराख यांनी. ते आधी मनोविकारतज्ज्ञ होते, मग मेंदूचे शल्यविशारद झाले. विसाव्या शतकाच्या मध्याला सीटी स्कॅन नव्हता, एमआरआय तर फारच दूर. क्ष-किरणांत कवटीचं हाड दिसे, आतला मेंदू दिसत नसे. तरीही काही रोग्यांच्या मेंदूत खोलवर, अगदी ठरलेल्या जागी सुई पोहोचवावी लागे. न दिसणाऱ्या जागी नेम धरायचा तर दिसणाऱ्या खुणांवरून मोजत जावं लागतं. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये हवा किंवा द्रव्य सोडून क्ष-किरण छायाचित्र घेतलं, की त्या पोकळ्यांच्या काठाशी असलेल्या दोन बारीक जागा हेरता येत. त्या जागांवर डाव्या आणि उजव्या अर्धगोलांना जोडणारे मज्जातंतूंचे दोन छोटे जुडगे असतात, एक पुढे आणि एक मागे. त्यांची नावं अँटिरिअर कमिशर आणि पोस्टिरिअर कमिशर. प्रयोगशाळेत सगळे त्यांना नुसतं एसी आणि पीसी म्हणतात, त्यामुळे नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी वातानुकूलनाचं आणि संगणकाचं बोलणं चाललंय असं वाटतं. दोघांमधलं अंतर साधारण अडीच सेंटीमीटर. मेंदूचा आकार माणसागणिक बदलतो, पण या दोन खुणा सगळ्यांत असतात आणि जवळपास सारख्याच जागी असतात. तालैराख यांनी एसीला शून्य मानलं आणि एसी-पीसी रेषेला आधाररेषा.

त्यांची यापेक्षाही हुशारीची गोष्ट पुढेच आहे. डोकी लहान-मोठी असतात, तेव्हा नुसते मिलिमीटर मोजून भागत नाही. म्हणून त्यांनी मेंदूभोवती एक जाळी कल्पली. तिचे चौकोन एसी, पीसी आणि मेंदूच्या बाहेरच्या कडा यांच्यानुसार ताणायचे किंवा आखडायचे. आपल्या शिल्पशास्त्रात मूर्तीचं माप तिच्याच चेहऱ्याच्या पटीत घेतात, त्यातलाच हा प्रकार. मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, प्रमाण तेच राहतं.

त्यांचे नकाशासंग्रह १९५७ आणि १९६७ मध्ये आले. पण जगभर गाजला तो पिएर तुर्नू यांच्यासोबत १९८८ मध्ये काढलेला. त्याची वेळ अचूक जमली. १९८० च्या दशकात पेट स्कॅनमुळे जिवंत, काम करणाऱ्या मेंदूची चित्रं मिळू लागली होती आणि १९९० च्या दशकात एफएमआरआय आलं. एका प्रयोगात दहा-बारा माणसं. प्रत्येकाचा मेंदू वेगळ्या आकाराचा, यंत्रात डोकं वेगळ्या कोनात टेकलेलं. या सगळ्यांची सरासरी काढायची तर आधी सगळे मेंदू एकाच साच्यात बसवायला हवेत. साचा तयारच होता. शल्यविशारदाच्या सुईसाठी काढलेला नकाशा असा मानसशास्त्रज्ञांच्या टेबलावर आला.

तो नकाशा कुणाच्या मेंदूवरून काढला होता? साठ वर्षांच्या एका फ्रेंच स्त्रीच्या, तिच्या मृत्यूनंतर. एकाच स्त्रीच्या. त्यातही काळजीपूर्वक काढला तो एक अर्धगोल, दुसरा आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटवून घेतला. डावा आणि उजवा मेंदू हुबेहूब सारखा नसतो, भाषेचं बरंचसं काम तर बहुतेकांमध्ये डावीकडेच चालतं. शिवाय त्या नकाशावर 'ब्रॉडमन क्षेत्रं' म्हणून जे क्रमांक दिले आहेत, तेही या मेंदूच्या पेशी तपासून दिलेले नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ कोर्बिनियन ब्रॉडमन यांनी १९०९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना पाहून क्षेत्रांना क्रमांक दिले होते. ते क्रमांक नव्या नकाशावर डोळ्यांनी अंदाज घेत उतरवले गेले. तालैराख यांचं काम सुईपुरतं होतं आणि त्यासाठी ते उत्तम होतं. त्या एका मेंदूला सगळ्या मानवजातीचं प्रतिनिधित्व पुढच्यांनी दिलं.

हे खटकणारे लोक मॉन्ट्रियलमध्ये होते. तिथल्या मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये ॲलन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३०५ निरोगी तरुण माणसांचे एमआरआय घेऊन त्यांची सरासरी काढली. पुढे १५२ माणसांच्या अधिक चांगल्या स्कॅनवरून सुधारित साचा तयार झाला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला एमएनआय साचा म्हणतात आणि आजचं बहुतेक काम त्याच कुळातल्या साच्यांवर चालतं. सरासरी म्हटल्यावर चित्र धूसर येणारच. ती उणीव भरून काढायला कॉलिन नावाच्या एकाच माणसाचे २७ स्कॅन घेऊन त्यांची सरासरी काढली गेली. तो मेंदू सुबक दिसतो, पण पुन्हा एकाच माणसाचा. ३०५ जणांतही २३९ पुरुष आणि ६६ स्त्रिया होत्या, हे लक्षात ठेवायला हरकत नाही. एका स्त्रीपासून निघालेली गाडी पुरुषांच्या डब्यात जाऊन बसली, असं थट्टेनं म्हणता येईल.

गोंधळ इथेच सुरू झाला. मॉन्ट्रियलच्या लोकांनी आपला साचा तालैराखच्या खुणांशी जुळवायचा प्रयत्न केला होता, पण तो तंतोतंत जुळला नाही. एमएनआय मेंदू त्या फ्रेंच स्त्रीच्या मेंदूपेक्षा मोठा निघाला, उंचीला आणि कानामागच्या खालच्या भागात तर ठळकपणे मोठा. त्याचा शून्यही एसीवर बरोबर बसत नाही, काही मिलिमीटर सरकलेला आहे. तरी दोन्हीकडचे अक्ष तेच आणि आकडेही सारखेच दिसणारे. अनेकांनी एमएनआय साच्यावर मोजलेले आकडे तालैराखच्या नकाशात टाकून जागेचं नाव वाचलं आणि निबंधात लिहून टाकलं. मुंबईची वेळ बघून हैदराबादला चंद्र शोधण्यासारखंच हे.

मग रूपांतराची सूत्रं आली. १९९९ मध्ये केंब्रिजच्या मॅथ्यू ब्रेट यांनी दिलेलं सूत्र इतकं सोपं होतं, की ते कॅल्क्युलेटरवरही करता येतं. एसीच्या पातळीच्या वरच्या बिंदूंसाठी एक्सला ०.९९ नं गुणायचं. नवा वाय म्हणजे जुना वाय गुणिले ०.९६८८, अधिक जुना झेड गुणिले ०.०४६. नवा झेड म्हणजे जुना झेड गुणिले ०.९१८९, वजा जुना वाय गुणिले ०.०४८५. खालच्या भागासाठी झेडचा गुणक आणखी कमी, ०.८३९. म्हणजे एमएनआयमध्ये शून्याच्या सरळ खाली ४० मिलिमीटरवर असलेली जागा तालैराखमध्ये साडेतेहतीस मिलिमीटरवर येते. गुणाकारानं मेंदू लहान होतो आणि ती छोटीशी बेरीज-वजाबाकी त्याला किंचित पुढे-मागे कलवते. सूत्र एवढंच करतं.

२००७ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या जॅक लँकास्टर आणि सहकाऱ्यांनी दुसरं सूत्र मांडलं. त्यांनी तेच मेंदू दोन्ही पद्धतींनी साच्यात बसवले आणि दोन उत्तरांमधलं नातं गणितानं काढलं. या सूत्रात गुणाकार तर आहेच, शिवाय शून्यही हलवलेला आहे. ब्रेटच्या सूत्रात (०, ०, ०) टाकलं तर (०, ०, ०) च येतं. लँकास्टरच्या सूत्रात, एसपीएम या प्रचलित सॉफ्टवेअरसाठीच्या आवृत्तीत, तेच साधारण (−१.०, −१.८, ४.१) होतं.

आपला सुरुवातीचा बोटांचा पत्ता दोन्हींत घालून बघू. एमएनआयमधला (−३८, −२२, ५६) हा बिंदू ब्रेटच्या सूत्रानं (−३७.६, −१८.७, ५२.५) होतो. लँकास्टरच्या सूत्रानं तो (−३६.९, −२७.०, ५१.५) होतो. डावं-उजवं आणि वर-खाली यांत फरक एकेका मिलिमीटरचा. पुढं-मागं मात्र सव्वाआठ मिलिमीटर!

सव्वाआठ मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं अंतर. एवढ्यानं काय बिघडतं? या जागेजवळ मेंदूच्या पृष्ठभागावर एक खोल खाच आडवी जाते. तिच्या पुढचा उंचवटा हालचालीचा आणि मागचा स्पर्शाचा. एकेक उंचवटा साधारण सेंटीमीटरभर रुंद. म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या चुकीनं 'रोग्याची हालचाल बिघडली' याचं 'रोग्याची स्पर्शाची जाणीव बिघडली' होऊ शकतं. मेंदूत शेजारी बदलला की काम बदलतं.

असे निबंध एकेकटे राहिले असते तर फार चिंता नव्हती. पण आता शेकडो निबंधांतले निर्देशक एकत्र करून निष्कर्ष काढतात. सॅन अँटोनियोतलाच 'ब्रेनमॅप' हा संग्रह त्यासाठीच आहे. २०११ मध्ये आलेली 'न्यूरोसिंथ' ही प्रणाली तर निबंधांतले तक्ते आपोआप वाचते, आकडे तालैराखचे की एमएनआयचे याचा मजकुरावरून अंदाज बांधते आणि गरज वाटली तर रूपांतर करते. हजारो निबंधांना हे चालतं, कारण चुका पसरून जातात. एखाद्या बारीक भागाबद्दल ठाम विधान करायचं असेल, तर मात्र माझ्या मते मूळ तक्ता स्वतः उघडून बघण्याला पर्याय नाही. लँकास्टरचं सूत्र ब्रेटच्यापेक्षा सरस मानलं जातं, तरी तेही सरळ रेषेतलं गणित आहे. मेंदूच्या वळ्या माणसागणिक वेगळ्या वळतात, त्या बारा आकड्यांच्या सूत्रात मावत नाहीत. मूळ स्कॅन हाताशी असेल तर आकडे बदलत बसू नये. स्कॅनच नव्या साच्यात पुन्हा बसवावा, तोही कणकेसारखा जागोजागी ताणता-दाबता येणाऱ्या पद्धतीनं.

इथे एक खुलासा. घरात कुणाचा एमआरआय झाला असेल तर त्याच्या अहवालात हे आकडे शोधू नका. डॉक्टर त्या माणसाचाच मेंदू बघतात, गाठ किंवा रक्तस्राव कुठे आहे हे त्याच्याच चित्रात ठरतं. प्रमाण मेंदू लागतो तो अनेक माणसांची तुलना करताना.

एका उपचारात मात्र हा नकाशा थेट रोग्याच्या डोक्यापर्यंत पोहोचतो. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंदनं देण्याचा उपचार आता होतो. त्याला टीएमएस म्हणतात. अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली आणि भारतातही तो अनेक ठिकाणी मिळतो. लक्ष्य असतं कपाळामागचा, डाव्या बाजूचा वरचा भाग. जुना नियम असा, की ज्या जागी स्पंदन दिल्यावर उजवा अंगठा हलतो ती जागा शोधायची आणि तिथून पाच सेंटीमीटर पुढे यंत्र धरायचं. डोकं मोठं असो वा लहान, पाच म्हणजे पाच! त्यामुळे यंत्र प्रत्येकाच्या मेंदूत वेगळ्याच भागावर येई. आता काही ठिकाणी रोग्याचा एमआरआय घेऊन, प्रमाण मेंदूतला लक्ष्यबिंदू उलट्या रूपांतरानं त्याच्या स्वतःच्या मेंदूवर उतरवतात आणि कॅमेऱ्याच्या मदतीनं यंत्र तिथे धरतात. इतका वेळ आपण माणसाकडून नकाशाकडे जात होतो, इथे नकाशाकडून माणसाकडे यायचं असतं. लक्ष्याचा आकडा कोणत्या नकाशातला, हे इथे चुकून चालत नाही.

आता हैदराबादकरांच्या जवळची गोष्ट. कॅनडात घडलेला साचा आपल्या मेंदूंना कितपत बसतो? हैदराबादच्या आयआयआयटीतल्या संशोधकांनी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेबरोबर १०० निरोगी तरुण भारतीयांचे स्कॅन घेतले, ५० स्त्रिया आणि ५० पुरुष. त्यावरून २०१९ मध्ये 'आयबीए१००' हा भारतीय मेंदूचा नकाशा त्यांनी प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य, चिनी आणि कोरियन साच्यांच्या तुलनेत सरासरी भारतीय मेंदू उंची, रुंदी आणि आकारमानात लहान दिसला. झालं, 'भारतीयांचा मेंदू लहान' असे मथळे फिरले आणि खालच्या मजकुराकडे कुणी फारसं बघितलं नाही. सरासरी आकारमानाच्या अशा फरकावरून लोकांची बुद्धी ठरत नाही, तशी ती टोपीच्या मापावरूनही ठरत नाही. मुद्दा व्यवहाराचा आहे. लहान मेंदू मोठ्या साच्यात बसवायचा तर तो जास्त ताणावा लागतो आणि ताण वाढला की पत्ते सरकायची शक्यता वाढते. स्मृतिभ्रंशात मेंदूचे काही भाग आक्रसतात. आजोबांचा मेंदू आक्रसला आहे की मुळातच तेवढा आहे, हे परदेशी सरासरीशी ताडून ठरवलं तर चुकीची भीती वाटू शकते, किंवा चुकीचा दिलासा मिळू शकतो.

बंगळुरूच्या निम्हान्सशी संबंधित संशोधकांनी २०२० मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं. सहा ते साठ वर्षं वयाच्या भारतीयांसाठी, वयोगटांनुसार पाच साचे. सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू पंचविशीतल्या माणसाच्या साच्यात कोंबायला नको, ही साधी सोय. अर्थात साचे वाढले की रूपांतरंही वाढली. भारतीय साच्यावर काढलेला निष्कर्ष मॉन्ट्रियलच्या साच्यावर काम करणाऱ्याला सांगायचा तर पुन्हा पत्ता बदलून द्यावाच लागतो.

तुमच्यापैकी कुणी इंटर्नशिपसाठी जुने निबंध चाळत असाल, तर तक्त्याच्या आधी पद्धतीचा भाग वाचा. एसपीएम किंवा एफएसएल वापरलं असेल आणि रूपांतराचा उल्लेख नसेल, तर आकडे बहुधा एमएनआयचे. ब्रेनव्हॉयेजर किंवा एएफएनआय वापरलेल्या जुन्या कामात तालैराखची शक्यता जास्त. रूपांतर केलं असेल तर कोणत्या सूत्रानं, हेही बघा. नुसतं 'एमएनआय' लिहिलं असेल तरी त्या नावाचे एकाहून अधिक साचे आहेत, २००९ ची सुधारित मालिका वेगळी. आणि एएफएनआय हाताळताना जरा जपून, कारण त्याच्या नेहमीच्या मांडणीत डावी बाजू अधिक आणि उजवी उणे असते, म्हणजे बाकीच्यांच्या बरोबर उलट.

डाव्या-उजव्याचा घोळ तर चित्रातच दडलेला असतो. रेडिओलॉजिस्ट चित्र असं बघतात, जणू रोगी समोर पाय करून झोपला आहे. त्यामुळे रोग्याची डावी बाजू चित्रात उजवीकडे येते. बऱ्याच संशोधकांच्या चित्रात ती डावीकडेच असते. फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना कधी कधी मेंदू गुपचूप उलटतो. मेंदू डावीकडून-उजवीकडून इतका सारखा दिसतो, की नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. यावर बऱ्याच प्रयोगशाळांमध्ये एक स्वस्त उपाय करतात. स्कॅनच्या आधी डोक्याच्या एका बाजूला, समजा उजव्या कानशिलावर, ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटपट्टीनं लावायची. तिच्यातलं तेल एमआरआयमध्ये पांढऱ्या ठिपक्यासारखं चमकतं. मग गणितानं मेंदू कितीही वेळा फिरवला, तरी ठिपका आहे ती बाजू उजवी.